म्युझियमच्या बिल्डिंगींवर काम करायचंय? मग आधी सेक्शन काढा

कॉलेजात चौथ्या वर्षाला आम्हाला म्युझियम डिझाइन करायला दिलं होतं आणि मी त्यातले तीन आठवडे नुसत्या एलिव्हेशनवर, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूंवर घालवले. चारी बाजूंनी काच, वर तरंगल्यासारखं छप्पर, मॉडेल इतकं देखणं झालेलं की बाकीची पोरं येऊन फोटो काढून जात होती. ज्युरीला आलेल्या बाईंनी मॉडेलभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण चित्रं कुठं टांगणार?" मी गप्प. बाहेरच्या भिंती सगळ्या काचेच्या, आत भिंती जवळपास नाहीतच, आणि ऊन थेट फरशीवर. "टांगलीस तरी रंग उडून जातील बघ," एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मार्क किती मिळाले ते सांगत नाही.

आता मी याच कामात आहे, गॅलरीचं प्लॅनिंग आणि जुन्या म्युझियमची दुरुस्ती, आणि नवीन मुलंमुली पोर्टफोलिओ घेऊन येतात त्यात बहुतेकांचा तोच घोळ असतो. बाहेरून बिल्डिंग कशी दिसते याची कॉम्प्युटरवर काढलेली वीस रेंडर, सेक्शन (बिल्डिंग उभी कापली तर आत कशी दिसेल ते ड्रॉइंग) एकही नाही. इतिहास विचारला तर शैलींची नावं घडाघडा, आधी ग्रीक खांब मग मॉडर्न मग स्पेनमधलं बिल्बाओचं म्युझियम, पण त्यातून हाती काही लागत नाही हो. मी स्वतः हा इतिहास नीट शिकले तो दोनच प्रश्न धरून: या बिल्डिंगमध्ये उजेड कुठून येतो आणि वस्तू कुठून येते.

आधी उजेड. सुरुवातीला म्युझियमसाठी म्हणून फारसं कोणी बिल्डिंग बांधत नव्हतं. फ्लॉरेन्सची उफिझी वासारीने १५६० मध्ये बांधायला घेतली ती सरकारी कचेऱ्यांसाठी, नावाचा अर्थच कचेऱ्या. लूव्र राजवाडा होता, १७९३ मध्ये म्युझियम म्हणून लोकांना खुला झाला. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं तेसुद्धा एका जुन्या हवेलीत. आता राहत्या वाड्यात खिडक्या असणारच, दोन खिडक्यांच्या मधे चित्र लावलं की बघणाऱ्याच्या डोळ्यात उजेड आणि चित्र मात्र काळोखात, आणि समोरच्या भिंतीवर लावलं तर व्हार्निशवर खिडकीच चमकते. हा त्रास एकदा स्वतः उभं राहून अनुभवा, मग पुढची दोनशे वर्षं आपोआप समजतात.

कारण पुढे सगळे याच त्रासाशी झटतायत. लंडनमध्ये जॉन सोनने डलिचला जी गॅलरी बांधली (१८१७ मध्ये लोकांना खुली झाली) तिथे त्याने भिंती चित्रांसाठी मोकळ्या सोडल्या आणि उजेड छपरातून आणला, एकामागे एक खोल्या, वर छपरातून उठलेले कंदिलाच्या आकाराचे काचेचे झरोके. मधोमध संस्थापकांची समाधीपण आहे, म्हणजे चित्रं बघता बघता थडग्यापाशी पोचता, ते मला अजून कळलेलं नाही आणि तरी आवडतं. मग बर्लिनचं आल्टेस म्युझियम, शिंकेलचं, १८३०. सगळ्यांना त्याचे समोरचे १८ खांब आणि आतली घुमटाची गोल खोली लक्षात राहते. पण वरच्या मजल्याचा प्लॅन बघा, त्याने खिडक्यांना काटकोनात पार्टिशन उभी केली आणि चित्रं त्यांवर लावली, म्हणजे उजेड बाजूने चित्रावर येतो आणि डोळ्यात खिडकी येत नाही. इतकं साधं! मी हा प्लॅन पहिल्यांदा ट्रेस केला तेव्हा खांब विसरलेच. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये (१८३६) क्लेंझने तर विभागणीच करून टाकली, मोठी चित्रं मधल्या उंच हॉलमध्ये वरच्या उजेडात, छोटी चित्रं उत्तरेकडच्या छोट्या खोल्यांत.

विसाव्या शतकातल्या दोन बिल्डिंगी मी नवीन मुलांना शेजारी शेजारी काढायला लावते. एक टेक्ससमधलं किम्बेल, लुई कान, १९७२. काँक्रीटच्या लांब कमानी, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर फट, आणि फटीखाली वाकवलेला, भोकं पाडलेला अॅल्युमिनियमचा पत्रा. ऊन आधी त्या पत्र्यावर आपटतं, तिथून परत काँक्रीटच्या पोटावर जातं आणि मग खाली मऊ होऊन उतरतं. ही एक रेघ सेक्शनमध्ये स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय कळत नाही, फोटोत नुसती चंदेरी कमान दिसते. दुसरी न्यूयॉर्कची गुगेनहाइम, फ्रँक लॉइड राइट, १९५९. उतरता रॅम्प, कललेल्या बाहेरच्या भिंती. उघडायच्या आधीच १९५६ मध्ये २१ चित्रकारांनी पत्र लिहून तक्रार केली होती की इथे आमची चित्रं कशी लावणार. राइट स्वतः उद्घाटनाच्या सहा महिने आधी गेला. माझं मत विचाराल तर बिल्डिंग म्हणून वेड लावते आणि चित्र लावायला डोकेदुखी, आणि दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. ल कोर्ब्युझिएच्या गोगलगाईसारख्या वाढत जाणाऱ्या म्युझियमचंही तसंच, अहमदाबाद, टोकियो, चंदीगड अशी तीन बांधली गेली, पण तशी गोल गोल वाढली एकही नाही.

आणि हो, माझ्या त्या काचेच्या मॉडेलला एक उत्तर होतं, ते मला फार उशिरा सापडलं. ब्राझीलमधल्या साओ पावलोचं मास्प हे म्युझियम, लिना बो बार्डी, १९६८. तिथेही बाजूला काच आणि मधे भिंती नाहीत, म्हणून लिनाबाईंनी चित्रं काचेच्या उभ्या तावांवर लावली, खाली काँक्रीटचा ठोकळा. नंतर १९९६ मध्ये ते काढून नेहमीच्या भिंती घातल्या आणि २०१५ मध्ये परत ते काचेचे ताव आणले. पॅरिसच्या पोम्पिदू सेंटरचं उलटं झालं, १९७७ मध्ये सगळे पाइप बाहेर काढून (निळा हवेचा, हिरवा पाण्याचा, पिवळा विजेचा) आत मोकळं मैदान दिलं, आणि १९८५ पर्यंत आर्किटेक्ट गाए आउलेंतीने आत खोल्या बांधल्यापण. म्हणजे उघडल्यावरही बिल्डिंग बदलत राहते हे लक्षात ठेवा, प्लॅन बघताना तो कुठल्या सालचा आहे ते विचारा.

आता नोकरीतलं. पहिल्या वर्षी माझ्या हातात लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) दिला आणि म्हणाले गॅलरी मोज. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्सच्या आसपास, तेलरंगांना २०० पर्यंत, हे आकडे तोंडपाठ करून गेले होते. एका जागी जुन्या नकाशांची काचपेटी होती, सकाळी मोजलं तर ४८, खूश झाले. दुपारी साडेतीनला परत आले तर पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर बिस्किटाएवढा उन्हाचा तुकडा. वरच्या उभ्या खिडकीला पडदा होता पण हिवाळ्यात सूर्य खाली येतो आणि पडद्याच्या खालून किरण घुसत होता, ड्रॉइंगमध्ये फक्त उन्हाळ्यातला कोन तपासलेला. मग तीन दिवस मी दर पंधरा मिनिटांनी फरशीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवत बसले, वर वेळ लिहून, शेवटी फरशीवर तिरकी रांग तयार झाली जी पेटीवर चढून उतरत होती. कुठलंही सॉफ्टवेअर दाखवलं असतं, पण साहेबांना पटलं ते टेप बघून. पेटी दीड मीटर सरकवली, पडदा बदलला. नकाशाचा तो कोपरा जरा फिका पडलाय, तो आता परत येणार नाही.

वस्तू कुठून येते हा दुसरा प्रश्न, आणि तो कॉलेजात कोणी विचारत नाही. म्युझियम म्हणजे एकात एक दोन बिल्डिंगी असतात, एक बघणाऱ्यांची आणि एक वस्तू ज्यातून येतात त्या पेट्यांची. दुसरीत ट्रकमधून माल उतरवायचा धक्का, पेटी उघडायच्या आधी काही वेळ तशीच ठेवायची खोली, कन्झर्वेशन लॅब (वस्तू जपायची, दुरुस्त करायची खोली), स्टोअर, मालाची लिफ्ट, आणि या सगळ्यात पेटी कुठेच अडकणार नाही एवढी उंची. आमच्याकडे एकदा मोठं चित्र आलं, पेटी ट्रॉलीवर धरून पावणेतीन मीटर उंच. धक्का बरोबर, लिफ्ट बरोबर, ड्रॉइंगमध्ये कॉरिडॉर तीन मीटरचा. पण वळणावर नंतर कोणीतरी छताखाली केबल ट्रे (वायरी ठेवायची पट्टी) टाकलेला, त्याच्या खाली दोन मीटर सत्तर. पाच सेंटीमीटर! शेवटी कॉरिडॉरमध्येच पेटी उघडावी लागली, कन्झर्व्हेटर बाई दोन तास आमच्याशी बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं.

कुठून यायचं हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. आर्किटेक्चर, म्युझिऑलॉजी (म्युझियम चालवण्याचं शास्त्र), कन्झर्वेशन, एक्झिबिशन डिझाइन, लायटिंग, कुठूनही येता येतं. आर्किटेक्चरवाल्यांना वस्तूबद्दल काही माहीत नसतं आणि म्युझिऑलॉजीवाल्यांना ड्रॉइंग वाचता येत नाही, तर जे येत नाही ते आधी शिका. पोर्टफोलिओत वर सांगितलेल्यांपैकी चार बिल्डिंगींचे सेक्शन एकाच स्केलला हाताने काढून टाका, उन्हाची रेघ लाल पेनने, म्हणजे समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आणि पहिल्या साइट व्हिजिटला मेन दरवाजातून शिरू नका. मागे धक्क्यावर जा, मेजर टेप घ्या, आणि वस्तू ज्या रस्त्याने आत जाईल त्याच रस्त्याने चालत, प्रत्येक दाराची आणि प्रत्येक वळणाची उंची स्वतः मोजत गॅलरीत या. वर बघत बघत चाला, ट्रे आणि पाइप ड्रॉइंगमध्ये असतीलच असं नाही.