म्युनिकमध्ये घर बदलताय? आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

ओळखीतली दोन-तीन कुटुंबं येत्या महिन्या-दोन महिन्यांत म्युनिकमधल्या म्युनिकमध्येच घर बदलतायत आणि रोज कोणीतरी विचारतं की काय काय करायचं असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मागच्या वेळी आमचं एक काम राहिलं होतं आणि त्याने कित्येक महिने डोक्याला ताप झाला, ते खाली येईल, परत परत येईल, कंटाळू नका. खोकी, चिकटपट्टी, मार्कर वगैरे लिहीत नाही, तेवढं कळतं सगळ्यांना.

सुरुवात जुन्या घराच्या नोटिसीपासून. भाडेकरूला कायद्याने तीन महिन्यांची मुदत. पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोचलं तरच तो महिना धरतात, आणि पोचलं म्हणजे पोचलं, पोस्टात टाकलं हे उत्तर नाही. ईमेल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच नाही, कागदावर पेनाने केलेली सही लागते, आणि करारावर नवरा-बायको दोघं असतील तर सह्या पण दोघांच्या, एकट्याची सही असेल तर ती नोटीस दिलीच नाही असं समजा. आइनवुर्फ-आइनश्राइबनने पाठवा म्हणजे पोस्टमनने पेटीत टाकल्याची नोंद राहते, नाहीतर स्वतः नेऊन द्या आणि साक्षीला कोणीतरी सोबत न्या. दोन घरांचं भाडं थोडे दिवस एकदम भरावं लागतं, म्युनिकची भाडी बघता ते झोंबतंच, पण एकाच दिवशी सकाळी जुनी चावी द्यायची आणि दुपारी नवी घ्यायची असा हिशोब करू नका प्लीज, एक माणूस उशिरा आला की सामानासकट फुटपाथवर.

ट्रक. तुमचा रस्ता श्वाबिंग किंवा हाइडहाउझनसारखा दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरलेला असेल तर दारासमोर जागा मिळणार नाही, तात्पुरत्या हाल्टफरबोटची, म्हणजे तिथे बाकीच्यांना गाडी उभी करायला बंदी असल्याच्या पाटीची, परवानगी काढा आणि ती वेळेत काढा, कारण त्या पाट्या आधीच काही दिवस उभ्या राहाव्या लागतात, आदल्या रात्री लावून कोणाची गाडी उचलता येत नाही. वॉशिंग मशीनच्या मागचे ते ट्रान्स्पोर्टचे बोल्ट शोधून ठेवा, घेतलं तेव्हा तळघरात कुठल्यातरी डब्यात टाकलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. चावी हातात आली की त्याच दिवशी, पहिलं खोकं वर न्यायच्या आधी, लेटरबॉक्सवर आणि बेलवर नाव लावायचं. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं आडनाव. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो हे आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो. पुण्यात बी विंग, चारशे दोन लिहिलं की नाव चुकलं असलं तरी वॉचमन पत्र बरोबर वर आणून देतो. इथे रस्ता, घर नंबर, पिनकोड, संपला पत्ता, आणि त्या एका नंबरात पंचवीस-तीस बिऱ्हाडं. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचतो, पेट्यांवर तेच नाव शोधतो, दिसलं तर टाकतो, नाही दिसलं तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत, वर शेरा की दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती सापडत नाही. आणि ती व्यक्ती त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसलेली असते.

बरं, आमच्या पेटीवर नाव नव्हतं असंही नाही. नवऱ्याचं आडनाव होतं, हाउसफेरवाल्टुंगने, म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीने, करून दिलेलं, छान पट्टीवर कोरलेलं. माझं नव्हतं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, लग्नानंतर बदललं नाही, इतक्या वर्षांत त्यावाचून कुठे अडलं नव्हतं. करारावर दोघांची नावं होती म्हणून मी धरून चालले की झालं काम. तर माझं आरोग्य विम्याचं नवीन कार्ड परत गेलं, बँकेचं कार्ड परत गेलं, निवास परवान्याच्या कार्डाचं पिनचं पत्र परत गेलं. आणि हे तुम्हाला कोणी कळवत नाही, कळवायचं तर पत्रानेच कळवणार ना, ते पण परत जातं. नवऱ्याची पत्रं रोज येत होती म्हणून संशयही आला नाही, मला वाटायचं ऑफिसं संथ आहेत, जर्मनी आहे, येईल. दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी माझं कार्ड मशीनमध्ये घातलं, काढलं, परत घातलं, मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या हे बंद झालंय, नवीन पाठवलेलं दिसतंय. तेव्हा खाली जाऊन पेटी नीट बघितली.

म्हणून सांगते, प्रत्येकाचं. बायकोचं आडनाव वेगळं असेल तर तिचं, मुलाच्या पासपोर्टवर अजून वेगळंच काही असेल तर त्याचं, एखादा मित्र खोली घेऊन राहणार असेल तर त्याचं. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच, कारण सगळी ऑफिसं पासपोर्टावरून नाव उचलतात. आपल्यात वडिलांचं नाव मध्ये असतं आणि काहींच्या पासपोर्टात तर आडनावाचा रकानाच रिकामा असतो, सगळं पहिल्या नावात कोंबलेलं, अशांनी पत्रावर जे छापून येतं तेच पट्टीवर लिहायचं, लांब झालं तर होऊ दे. हाउसफेरवाल्टुंग म्हणेल की सगळ्या पट्ट्या एकसारख्या असतात, आम्ही ऑर्डर करतो, हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल करणारा) लावेल. ठीक आहे, पण त्याला आठवडे लागतात. तोपर्यंत कागदावर प्रिंट काढून पारदर्शक चिकटपट्टीने लावा, दिसायला गचाळ दिसलं तरी चालेल, कोणी ओरडलं तर काढू. प्रिंट आजच काढून पाकिटात ठेवा, चिकटपट्टीसकट, कारण चावीच्या दिवशी प्रिंटर खोक्यात असतो.

बेलवर पण तेच नाव हवं, पार्सलवाला बेल वाचतो. आणि ११२ ला फोन करायची वेळ आलीच तर तेही विचारतात की बेलवर काय नाव आहे. २०१८ मध्ये युरोपचा नवा डेटा संरक्षणाचा कायदा आला तेव्हा व्हिएन्नात सरकारी घरांच्या बेलवरची नावं काढायला घेतली होती आणि जर्मनीतही काही दिवस त्यावरून गोंधळ चालला होता, मग इथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं की नाव ठेवण्यात काही गैर नाही. तेव्हा प्रायव्हसी वगैरे कोणी सुचवलं तर ऐकू नका.

भारतातून पहिल्यांदाच येत असाल तर तुम्हाला हे दुप्पट लागू आहे. पहिल्या आनमेल्डुंगनंतर, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीनंतर, अकरा आकडी श्टॉयर-आयडी (टॅक्स नंबर) पोस्टाने येतो, तो वेळेत नाही मिळाला तर कंपनी सहाव्या टॅक्स क्लासने पगार कापू शकते, आणि तो पहिला पगार बघून माणसाला परत मुंबईचं विमान पकडावंसं वाटतं. नंतर पैसे मिळतात परत, पण डिपॉझिट भरायचं असतं तेव्हाच नेमके ते अडकतात.

नाखझेंडे-आउफट्राग, म्हणजे जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर वळवायची पोस्टाची सोय, पैसे भरून सहा, बारा किंवा चोवीस महिन्यांसाठी मिळते. निदान आठवडाभर आधी करा. त्यात पण घरातल्या सगळ्यांची नावं टाका, एकट्याच्या नावाने केलं तर एकट्याचीच पत्रं वळतात. आणि ती वळवलेली पत्रं नव्या घरी येऊन पोस्टमन परत पेटीवरचं नावच शोधणार आहे, म्हणजे नाव नसेल तर ही सगळी सोय फुकट. शिवाय काही पाकिटांवर पुढे पाठवू नये असं छापलेलं असतं, ती थेट परत जातात, म्हणून बँक, विमा, कंपनीचं एचआर, मुलांची शाळा यांना पत्ता वेगळा कळवायचाच.

आनमेल्डुंग दोन आठवड्यांत, शहरातल्या शहरात घर बदललं तरी. कायद्यात दंड १००० युरोपर्यंत आहे. ब्युर्गरब्युरोची, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या ऑफिसची, अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून रडत बसू नका, सकाळी लवकर वेबसाइट उघडा, कोणी रद्द केलेल्या वेळा दिसतात, आणि घराजवळचंच ऑफिस हवं असा हट्ट नको, म्युनिकमधलं कुठलंही चालतं. भाडेकरार पुरत नाही, घरमालकाची सही असलेली वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही राहायला आलात असा त्याचा दाखला लागतो, त्यावर राहायला येणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत ना ते तिथेच उभं राहून वाचा. निवास परवान्याची कार्डं न्या, त्यावर नव्या पत्त्याचं स्टिकर लावून देतात.

वीज. मीटरचा नंबर आणि आकडा, फोटो काढा, दोन्ही घरांचा. पूर्वी लोक राहायला जाऊन महिन्याने कळवायचे आणि कंपनी मागची तारीख टाकून द्यायची, ६ जून २०२५ पासून ते बंद झालंय. नव्या घरी उशिरा कळवलंत तर मधल्या दिवसांची वीज स्थानिक ग्रुंडफरझॉर्गरच्या, म्हणजे करार नसला तरी वीज देणाऱ्या तिथल्या कंपनीच्या, दराने, तो सहसा महाग, आणि जुन्या घरी उशिरा कळवलंत तर तुमच्या मागून आलेल्या माणसाच्या विजेचे पैसे तुमच्या करारावर. इंटरनेट कंपनीला नव्या पत्त्यावर तोच करार पुढे चालवावा लागतो, तिथे लाइन देता येत नसेल तर एका महिन्याच्या नोटिसीने सुटता येतं. पण तंत्रज्ञाची तारीख दूरची मिळते, आणि तो आला की खाली बेलवर करारातलं नाव शोधतो, नाही दिसलं तर निघून जातो आणि तुम्ही घरी नव्हता असं लिहितो. कळलं ना मी काय म्हणते ते?

घर रिकामं म्हणजे किती रिकामं ते आधी जाऊन बघा. बऱ्याच घरात किचनच नसतं, नुसते नळाचे पाइप आणि भिंतीत शेगडीचं कनेक्शन, आधीचा भाडेकरू त्याचं किचन तुम्हाला विकायला बघत असेल तर ओव्हन चालू करून बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका. दिवे पण नसतात, छतातून वायरी लोंबतात, पहिल्या रात्रीसाठी एक टेबल लॅम्प हाताशी ठेवा. नव्या घरात दूध उतू घालवायचं असेल तर साधी विजेची प्लेट बरोबर घ्या, सिरॅमिकच्या शेगडीवर उतू गेलेलं दूध खरवडत बसायला लागत नाही हा आणखी एक फायदा, आणि उदबत्ती स्मोक अलार्मच्या खाली नको, आमच्याकडे सत्यनारायणाला वाजला होता. देव शेवटी निघतात आणि आधी पोचतात हे आईला फोनवर कबूल केलं असेल तर त्यांचं खोकं ट्रकमध्ये देऊ नका, स्वतः घेऊन एस-बानने जा. रविवारी ड्रिल नाही, रात्री दहानंतर नाही. नव्या शेजाऱ्यांना जिन्यात एक चिठ्ठी लावा की अमुक दिवशी आवाज होईल, त्याने फार फरक पडतो.

आता जुनं घर, पटापट लिहिते, बोटं दुखायला लागली. मोठं भंगार वेर्टश्टॉफहोफला (महापालिकेच्या कचरा-भंगार केंद्रावर), काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये पण रविवारी नाही, तळघरातल्या फांडच्या, म्हणजे परत दिल्यावर डिपॉझिट मिळणाऱ्या, बाटल्या दुकानात, एकदाच वापरायच्या बाटलीचे पंचवीस सेंट, म्हणजे पोतं भरलं की बऱ्यापैकी पैसे होतात. भिंतीतली भोकं बुजवा. रंग द्यायचाच असं नसतं, करारात काय लिहिलंय आणि घर मिळालं तेव्हा कसं होतं यावर आहे, भाडेकरू संघटनेचे सभासद असाल तर विचारा. युबरगाबे-प्रोटोकॉल, म्हणजे घर ताब्यात दिल्याची नोंद, लेखी, त्यात मीटरचे आकडे, चाव्या किती दिल्या, तळघराची आणि लेटरबॉक्सची धरून. न समजलेल्या वाक्याखाली सही नाही.

आणि निघताना जुन्या पेटीवरचं नाव काढा! हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. नाव राहिलं तर पोस्टमन तिथेच टाकत राहणार आणि चावी तर तुम्ही देऊन आलात. सरकारी पिवळं पाकीट आलं तर तो त्यावर तारीख लिहून पेटीत टाकतो आणि मुदत त्या तारखेपासून सुरू, मग तुम्ही ते उघडा नाहीतर नका उघडू. साध्या सरकारी पत्राचं पण २०२५ पासून पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालं असं धरतात. तिकडे तुम्हाला वाद घालत बसावं लागेल की मी तिथे राहतच नव्हते.

रुंडफुंकचा, म्हणजे सरकारी रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचा, पत्ता बदला, घरामागे एकदाच १८.३६ युरो महिना, दोघं एकत्र आलात तर एकाचं बंद करा, आपोआप होत नाही. जुन्या भाड्याची बँकेतली स्टँडिंग ऑर्डर थांबवा. डिपॉझिट लगेच येत नाही, चावी दिल्यावर काही महिने सहज जातात, थोडी रक्कम नेबेनकोस्टेनच्या (भाड्याशिवायच्या हीटिंग, पाणी वगैरे खर्चाच्या) हिशोबासाठी अजून पुढे अडवून ठेवतात, तेव्हा त्या पैशांवर नव्या किचनची ऑर्डर देऊ नका.