नवा टॅटू: मलम कमी, नखं दूर

पहिले काही दिवस टॅटू म्हणजे उघडी जखमच. वरची पट्टी आर्टिस्टने सांगितलेल्या वेळीच काढा, पण आधी हात साबणाने धुवा. चिकटली असेल तर ओढू नका. कोमट पाणी सोडत राहिलं की सुटते. मग बिनवासाच्या सौम्य साबणाने, नुसत्या बोटांनी हलकं धुवायचं. थोडी शाई आणि चिकट स्राव निघेल, तो निघायलाच हवा. पेपर टॉवेलने टिपून घ्या. अंघोळीचा टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात.

दिवसातून दोनदा धुणं पुरे. खरी गडबड होते ती मलमात. तळहाताएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं, तेही त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर. लावल्यानंतर टॅटू चकाकत राहिला, बोटाला चिकटला, तर जास्त झालं, टिपून काढा. दाट थराखाली ओल कोंडते, खपली मऊ पडते आणि रंगासकट सुटते.

साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, खाज येते. नख लावलंत तर तिथे फिकट ठिपका राहतो, मग टचअपशिवाय, म्हणजे तिथे पुन्हा शाई भरण्याशिवाय, इलाज नाही. खाज आली की स्वच्छ, थंड ओला कपडा मिनिटभर ठेवा.

शॉवर चालतो, पोहणं आणि टबात बसणं त्वचा पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, बंद. उन्हात सैल कपड्याने झाका, सनस्क्रीन त्वचा भरल्यानंतरच. लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.