लेबर रूममध्ये सोबत कोण जाणार?

मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर भागात आशाचं काम करते. पहिलटकरीण माहेरी आली की घरच्यांना माझा पहिला प्रश्न, आत सोबत कोण जाणार? सगळ्यांची नजर सासूकडे. मी म्हणते, तिला विचारा की!

आई, जाऊ, मावशी, तिला हवी ती एकच बाई. स्वतः बाळंतपण झालेली नि रक्त बघून चक्कर न येणारी. सरकारी दवाखान्यात अशी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मान्यता दिलीय. दारात अडवलं तर भांडू नका, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा.

तायी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड), आधार, रक्ताचे नि सोनोग्राफीचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन.

आत गेल्यावर सोबतिणीनं मोबाईल बंद करावा. कळ आली की तळहातानं कंबर दाबून धरा, गेली की घोटभर पाणी द्या. डॉक्टरांची ना नसेल तर तिला चालू द्या, कुशीवर वळू द्या. "एवढं काय ओरडतेस, आम्ही नाही का बाळंत झालो?" हे वाक्य घरीच ठेवून या. (हे नर्सपेक्षा आपल्याच बायका जास्त बोलतात.)

तपासायला आल्या की "सिस्टर, जरा पडदा ओढता का?" म्हणा. काय करणार ते तिला आधी सांगायला हवं. सगळं सुरळीत असेल तर आतून तपासणी चार-चार तासांनी पुरते. पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलायला लागले तर थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ते करू नये असं सांगितलंय. टाके पडतील असा छेद घ्यायचा तरी तिला विचारूनच. संमतीचा कागद कानडीत असेल तर मराठी येणाऱ्या सिस्टरकडून समजून घ्या, मगच सही.

मुलगी झाली तर तोंड पाडू नका. बाळंतीण टेबलावरून तुमच्याकडेच बघत असते.

कुणी खुशालीचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं-जेवणासकट फुकट आहे. घरी सोडायला गाडीही मिळते, डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.