मानेला झटका बसल्यानंतरची डोकेदुखी: फिजिओथेरपी कशी करावी

मागून गाडी आदळली की डोकं एकदम मागे जातं आणि लगेच पुढे फेकलं जातं. अशा झटक्यानंतर काहींना कवटीच्या खालून दुखायला लागतं आणि ते दुखणं बहुधा एकाच बाजूने वर चढत डोळ्यामागे जाऊन बसतं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, गोळ्या झाल्या, तरी फरक नाही. कारण दुखणं मानेतलं असतं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मानेची तक्रार कपाळात जाणवते.

आधी डॉक्टर. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, अचानक असह्य डोकेदुखी यातलं काहीही असेल तर व्यायाम राहू द्या, थेट दवाखाना गाठा. मणका मोडलेला नाही हे कळलं की मानेचा पट्टा डॉक्टरांना विचारून लवकर सोडवा. तो जास्त दिवस लावला तर मान आणखी आखडते.

मग तपासणी. फिजिओथेरपिस्ट उताणं झोपवून हनुवटी छातीकडे आणतात आणि त्याच स्थितीत डोकं दोन्हीकडे वळवतात. निरोगी मान साधारण ४४ अंश वळते. एका बाजूला ती बरीच आधी अडली, तर पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा आखडल्याचा संशय येतो. हा सांधा हाताने हळूहळू मोकळा करतात. जोरात ‘कट्’ आवाज काढून घ्यायची हौस मात्र नको, ताज्या दुखापतीत तर अजिबात नको.

घरचा मुख्य व्यायाम: छोटा होकार. दिसायला अगदी किरकोळ, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा. उताणे झोपा, गुडघे वाकवा. जीभ टाळूला, दात किंचित विलग. आता डोकं न उचलता, जेमतेम ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्या. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथला जाड स्नायू दोरीसारखा ताठ झाला, तर जोर जास्त लागतोय. कमी करा. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. सुरुवातीला तीन-चारच जमतात, तेवढे पुरे.

पुढे खांद्याची पाती मागे-खाली धरून बसायचा सराव येतो. चक्कर किंवा अंदाज चुकल्यासारखं वाटत असेल, तर नजर एका बिंदूवर ठेवून डोकं सावकाश वळवायचं.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानेमुळे डोकेदुखी असलेल्या २०० जणांवर सहा आठवडे उपचार झाले. व्यायाम आणि हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचार, दोन्हींचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. म्हणून चार दिवसांत सोडू नका. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि तासा-दोन तासांत निवळलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही डोकं ठणकत असेल तर वेळा निम्म्या करा आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टना सांगा.