पाठ टाचणाआधी मागची आणि पुढची इयत्ता वाचा

नव्याने वर्ग हातात घेणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: आपल्या इयत्तेचं पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि त्याच विषयाची मागच्या व पुढच्या इयत्तेची पुस्तकं मिळवा. तोच घटक दरवर्षी जरा वरच्या पातळीवर परत येत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०मध्ये मांडलेला सर्पिल अभ्यासक्रम तो हाच.

पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. भिन्न छेदांची बेरीज शिकवली, लसावि काढायची रीत घोटून घेतली. चाचणीत निम्म्या वर्गाने लिहिलं: १/२ + १/३ = २/५. मला तो निष्काळजीपणा वाटला. नंतर मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडलं, तर तिथे रंगवलेले भाग आणि फक्त समच्छेद बेरजा होत्या. मुलांनी अंशात अंश मिळवला, छेदात छेद. २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मीही नाही.

आता पहिल्या तासिकेला रीत नसतेच. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या, एक मधोमध दुमडलेली, दुसरीचे तीन सारखे भाग. प्रश्न एकच: अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान येईल का? आणि मग गप्प राहायचं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनात तीन आकडे मोजा. सुरुवातीला फार जड जातं.

टाचण, म्हणजे तासिकेची लेखी आखणी, लिहिण्याआधी चाचणीचे पाच प्रश्न लिहून काढा. अध्ययन निष्पत्तीतलं, म्हणजे घटक शिकून मुलाला काय करता यायला हवं ते सांगणाऱ्या वाक्यातलं, क्रियापद नीट पाहा. तिथे ‘तुलना करतो’ असेल आणि तुम्ही व्याख्या विचारत असाल, तर शिकवणंही व्याख्येकडेच घसरेल. पाचातला एक प्रश्न असा हवा की त्याचं चुकीचं उत्तर काय येणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. टाचणात अशा उत्तरांसाठी वेगळा रकाना आखा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

तासिकांचा हिशेब मात्र निर्दयपणे करा. घटकाला ८ तासिका दिल्या असतील, तर ६ मध्ये बसवा. सातवी उजळणीची, आठवी रिकामी. ती रिकामी राहणार नाहीच, पण कागदावर असू द्या.

तासिका संपल्यावर टाचणाच्या समासात दोन ओळी: कुठे अडलं, कोण अडलं. वर्षअखेरीस ती वही पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हाती द्या. ‘भिन्न छेद, सात मुलं अजून पट्टीशिवाय अडतात’ एवढं वाचलं, तरी पहिल्या दिवशी काय घेऊन वर्गात जायचं ते त्यांना कळेल.