बास लुअरवर झेप घ्यायचा पण गळाला लागतच नव्हता, माझा अनुभव

ऑस्ट्रेलियन बास या माशासाठी खाडीच्या वरच्या गोड्या पाण्यातल्या ओढ्यात सरफेस लुअर (पाण्यावर तरंगणारं, गळ लावलेलं नकली आमिष) टाकत होतो, झाडाच्या सावलीत लुअर पडला की धप्पकन पाणी उडायचं आणि मी लगेच झटका द्यायचो, लुअर रिकामाच अंगावर यायचा. संध्याकाळी ५-६ वेळा असंच, फार वाईट वाटायचं.

मग लक्षात आलं की घाई माझीच होती. बास पाण्यासकट लुअर आत ओढतो, पाणी उडालेलं बघून झटका दिला तर लुअर त्याच्या तोंडातून निघून येतो. आता रॉडला वजन जाणवेपर्यंत हात हलवतच नाही, अवघड आहे पण जमतं. आणि लुअर पडला की पाण्यावरची वलयं पूर्ण विरेपर्यंत थांबतो, मग हलकंसं एकदा हलवून परत थांबतो, बहुतेक मासे त्या थांबण्यातच येतात. ऊन उतरल्यावर तर नक्कीच बघा.

गळाच्या टोकाजवळचे उलटे काटेही दाबून सपाट केलेत, जंगली मासा आहे, न दुखावता सुटला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या थंडीत हे मासे अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे जातात, न्यू साउथ वेल्स राज्याच्या नद्यांत १ मे ते ३१ ऑगस्ट हे मासे पकडून ठेवायला बंदी असते, तेवढं पाळाच.