स्वस्त सॅक्सोफोन वरातीत वाजवण्यापूर्वी

शिकाऊ दर्जाचा आल्टो सॅक्सोफोन घेऊन रत्नागिरी-मालवणकडे वराती आणि गणपतीच्या मिरवणुकांत बिदागीवर वाजवायचे असेल, तर आधी त्याचे पॅड, म्हणजे नळीवरची छिद्रे झाकणाऱ्या छोट्या गाद्या, तपासावेत. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोडून एकेक की (पॅड उघडझाप करणारी कळ) अगदी हलक्या बोटाने दाबावी. पॅडच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली, तर तिथून हवा गळते आणि खालचे सूर हमखास फुटतात. ही गळती कुशल कारागिराकडून काढून घ्यावी.

त्यानंतरचा खर्च माझ्या मते माउथपीसवरच, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागावरच, करावा, कारण सुराचा पोत तिथेच सर्वाधिक सुधारतो. वरच्या सप्तकातले सूर हवे त्यापेक्षा चढे लागतात का, हे ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) पाहून ओठांचा दाब सांभाळावा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत वादनानंतर नळी आतून पुसल्याशिवाय पेटीत ठेवू नये. स्वस्त वाद्याच्या कीचा धातू बहुधा मऊ असल्याने धक्क्याने वाकतो. म्हणून टेम्पोत पेटीवर ढोल-ताशे मुळीच रचू देऊ नयेत.